पर्यायवाले टिपणीस

"पान सातवर दोन दुधी आहेत. पान आठवर एक कारलं. आणि पान नऊवर, मला सांगायलासुद्धा कसंतरी होतं, पण भर पंगतीत फणस आहे हो!"

एवढं बोलून टिपणीस साहेब पाण्याचा घोट घेत आणि खिन्न नजरेने आमच्याकडे बघत. नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाला वाटायचं, इथे कॅन्टीनचा मेन्यू ठरतोय. तो हळूच विचारायचा, "नॉनव्हेज नसतं का?" त्याला कसं सांगणार, की बाबा रे, हे जे चाललंय ते नॉनव्हेजच आहे.

टिपणीस साहेब शिवी उच्चारत नसत. एरवी ही चांगली सवय म्हणायची, पण त्यांचं कामच मुळी शिव्या शोधून काढण्याचं. आमचा स्टुडिओ मोठ्या माणसांसाठी कार्टून मालिका बनवायचा, आणि तिच्या प्रत्येक भागाची संहिता आधी टिपणीस साहेबांच्या टेबलावरून जायची. सापडलेली शिवी मीटिंगमध्ये मोठ्याने सांगायची तर तोंड विटाळणार. म्हणून त्यांनी एकेका शिवीला एकेक भाजी नेमून दिली होती. आईवरून दिलेली साधी शिवी तो दुधी, बहिणीवरून दिलेली ते कारलं. शरीराच्या अवयवांमध्ये शेवगा, पडवळ आणि वांगं यांची यथायोग्य वाटणी केलेली. सगळ्यात वरच्या दर्जाची जी शिवी, जी लिहिताना आमचे लेखकसुद्धा एकदा मागे वळून बघत, ती फणस. फणस ही भाजी कुठे आहे, असं कोणीतरी एकदा विचारलं, तर साहेब गंभीरपणे म्हणाले, "कोवळ्याची होते."

आमच्या मालिकेचं नाव 'गच्ची बंद आहे'. नवी मुंबईतली एक सोसायटी, तिची कायम कुलूप लावलेली गच्ची आणि त्या कुलपाच्या किल्लीवरून एकमेकांच्या उरावर बसलेले सभासद, असा एकंदर विषय. ज्या ओटीटीवाल्यांसाठी ती बनत होती त्यांची मागणी सरळ होती. "एकदम बोल्ड पाहिजे. कोणाला घाबरायचं नाही." मग त्यांनी न घाबरता एक मेल पाठवला. धर्म नको, जात नको, पक्ष नको, प्रांत नको, पोलीस नको, खरा नेता नको, खोटा नेताही नको कारण तो कोणासारखा तरी दिसतो. आता उरलं काय? पार्किंग. त्यामुळे आमची मालिका पार्किंगच्या विषयावर अतिशय निर्भीड होती.

स्टुडिओ तुर्भ्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका मिरचीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली मिरचीची गाडी रिकामी व्हायला लागली की वर सगळे शिंकायचे आणि डबिंग थांबायचं. पाहुणे आले की आमचे मालक त्याला 'सर्जनशील वातावरण' म्हणत. मी तिथे स्क्रिप्ट को-ऑर्डिनेटर होते. म्हणजे लेखकांनी काय लिहिलं ते टिपणीसांना दाखवायचं, टिपणीस काय म्हणाले ते लेखकांना सांगायचं, आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं. लग्न जुळवणाऱ्या बाईचं काम, फक्त लग्न कधीच जुळत नाही.

टिपणीस साहेबांची हयात सरकारी नोकरीत नाटकांच्या संहिता तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना सल्लागार म्हणून आणलं. 'आमच्याकडे एक अनुभवी माणूस आहे' असं ओटीटीवाल्यांना सांगता आलं पाहिजे, एवढाच हेतू. साहेब मात्र कामाला लागले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, आणि तोंडात कायम एक वाक्य, "मी कापत नाही. मी पर्याय देतो."

आणि खरोखरच देत. दुधीच्या जागी 'अहो, हे काय!', कारल्याच्या जागी 'कमाल आहे बुवा तुमची!' आमचा एक गुंड होता, रेतीच्या धंद्यातला. तो भर चौकात सुरा काढून समोरच्याला म्हणतो, 'कमाल आहे बुवा तुमची!' हर्षदने डोक्याला हात लावला.

हर्षद म्हणजे आमचा मुख्य लेखक. मालिका त्याच्याच डोक्यातून निघालेली. मुलाखतींमध्ये तो सांगायचा की त्याची प्रेरणा म्हणजे 'समकालीन शहरी मध्यमवर्गाचं विघटन'. प्रत्यक्षात त्याची प्रेरणा म्हणजे त्याची सासू, त्याच्या सोसायटीचे चेअरमन आणि आमच्यापैकी ज्याने बेसावधपणे घरची गोष्ट सांगितली तो प्रत्येक माणूस. कामोठ्याला माझ्या मजल्यावर एक बाई राहते, ती ओल्या गोधड्या लिफ्टसमोर वाळत घालते. मी हे डबा खाताना बोलून गेले. पुढच्याच भागात ती गोधडीसकट पडद्यावर. मी तिला चुकवायला लागले. भाग आल्यावर ती बाई लिफ्टमध्ये भेटली आणि म्हणाली, "बघितली गं तुमची सिरीयल. त्या गोधडीवालीसारख्या बायका असतात हां खरंच!" त्या दिवसापासून मला कोणाचीच भीती वाटेनाशी झाली. माणूस जगात सगळ्यांना ओळखतो, आरशातल्याला सोडून.

टिपणीस साहेबही अर्थातच मालिकेत आले. 'नियमकाका' नावाने. सोसायटीच्या प्रत्येक गोष्टीवर आक्षेप घेणारे, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. साहेबांनी ती संहिता तपासली आणि शेरा दिला, "हे पात्र चांगलं आहे. मालिकेत एक तरी सुसंस्कृत माणूस हवाच होता."

त्यांचा एक प्रसंग तर सगळ्या तुर्भ्यात गाजला. एका दृश्यात चेअरमन टॉवेल गुंडाळून गॅलरीत येतात. टॉवेल पडत नाही, पडणारही नसतो. साहेबांनी अॅनिमेटरला बोलावून विचारलं, "टॉवेलच्या आत काय आहे?"

"काही नाही सर. काढलेलंच नाही."

"म्हणजे नागडा?"

"नाही सर. तिथे काहीच नाहीये. रिकामं आहे."

साहेब स्क्रीनवरच्या टॉवेलकडे वाकून बघायला लागले. मग म्हणाले, "हे तर जास्तच वाईट."

शेवटी त्या बिचाऱ्याने टॉवेलच्या आत, कोणालाही कधीही दिसणार नाही अशी, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी काढली. साहेबांनी स्क्रीनवर टॉवेल बाजूला करून ती स्वतः तपासली. "प्रेक्षकाला दिसायची गरज नाही," ते समाधानाने म्हणाले, "पण आपल्याला माहीत असलं पाहिजे." तेव्हापासून आमच्या मालिकेतला एकही पुरुष आतून उघडा नाही. देशात आणखी कुठल्या मालिकेला हे छातीठोकपणे सांगता येईल, मला शंका आहे.

मग भाज्यांचं प्रकरण झालं. कंटाळून हर्षदने एका भागात शिव्याच काढून टाकल्या आणि टिपणीसांच्या भाज्या जशाच्या तशा संवादात घातल्या. "ए पडवळ! गाडी काढ!" "तुझ्या घरात कारलं!" साहेबांना आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. भाग तुफान चालला. कामोठ्याच्या मैदानात पोरं एकमेकांना भाज्यांवरून हाणायला लागली. नवरा-बायकोच्या भांडणात दुधी निघायला लागला. शेवटी भाजीविक्रेत्यांच्या कुठल्याशा मंडळाने ओटीटीवाल्यांकडे तक्रार केली की आमच्या मालाची बदनामी होते आहे, गिऱ्हाईक शेवगा मागताना हसतं. ओटीटीवाले ताबडतोब निर्भीडपणे घाबरले आणि हुकूम आला, भाज्यांवर बीप लावा.

"भाजीवर बीप?" टिपणीस साहेब उभेच राहिले. "मंडईत काय बीप विकणार आहेत का?" पण कर्तव्य ते कर्तव्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाज्यांना पर्याय आणले. हार्डवेअरच्या दुकानातून. वॉशर, बिजागरी, कडी-कोयंडा. "ए बिजागरी, गाडी काढ!" हर्षद म्हणाला, मी नोकरी सोडतो. मग सोडली नाही, कारण त्याच दुपारी त्याला नवी प्रेरणा मिळाली.

झालं असं. आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो. टिपणीसांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे. फोन वाजला, त्यांनी तो डब्याशेजारी ठेवला, आणि त्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला. एकच शब्द. फणस. म्हणजे फणस नव्हे, फणस ज्याच्यासाठी नेमला होता तो मूळ शब्द, सगळ्या कानामात्रांसकट, स्वच्छ.

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"हो, जेवतोय," साहेब शांतपणे म्हणाले. "भेंडी दिलीय सुगंधाबाईंनी."

पलीकडून पुन्हा तोच शब्द.

"नाही नाही, मीठ बरोबर आहे."

पुन्हा तो. जोरात. दोनदा.

"बरं, येताना आणतो. ठेवू?"

फोन ठेवून साहेबांनी भेंडीचा घास घेतला. "घरून होता," असं म्हणाले आणि मला विचारलं, "लोणचं घेणार, मनालीबाई?"

ते हात धुवायला गेले आणि हर्षदने टेबलावर थाप मारली. "सोनं आहे हे! दिवसभर लोकांच्या शिव्या काढणारा माणूस, आणि घरी बायको त्याला... अरे, हे मला सुचलंच नसतं!"

"हर्षद, हे नको," मी म्हटलं. "घरातली गोष्ट आहे त्यांच्या."

"सगळ्याच गोष्टी कोणाच्या तरी घरातल्या असतात. तुझ्या गोधडीवालीच्या वेळी बोलली नाहीस ती."

आठवड्याभरात नियमकाकांना बायको मिळाली. मंदाकाकी. नियमकाका सोसायटीला सभ्यतेवर भाषण देऊन घरी येतात, आणि दारातच काकी त्यांना तो एकच शब्द हाणतात. चहा मागितला, तो शब्द. पेपर मागितला, तो शब्द. नियमकाका टेबलाखाली लपतात. शुभांगी म्हणून आमच्याकडे आवाज देणारी एक गुणी नटी होती, तिने कच्चं रेकॉर्डिंगही केलं. असं किंचाळली, की खालून मिरचीवाले वर बघायला आले.

संहिता टिपणीसांच्या टेबलावर मीच ठेवली. ते वाचायला लागले. नेहमी पेन्सिल चालायची, त्या दिवशी चालली नाही. पानं उलटत राहिले. मग कागद नीट जुळवून पिशवीत घातले. "हे मी आज घरी नेतो," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगवर शोककळा होती. मालकांनी हर्षदला आधीच सांगून ठेवलं होतं की माफी तू मागायची, मी मागे उभा राहीन. हर्षद तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होता. टिपणीस साहेब आले, बसले, पाण्याचा घोट घेतला.

"माझा एकच आक्षेप आहे."

"सर, आम्ही काकींना काढूनच टाकतो," हर्षद घाईघाईने म्हणाला.

"काढायचं नाहीये. मला ते रेकॉर्डिंग ऐकवा."

ऐकवलं. शुभांगी किंचाळली. साहेबांनी मान हलवली.

"सूर चुकलाय. ही बाई रागावून बोलते."

"सर, शिवी देतेय ना ती!"

"म्हणून काय झालं?"

"मग काय प्रेमाने देणार?"

साहेबांनी संहिता पुन्हा पिशवीत घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मनालीबाई, शनिवारी दुपारी सवड आहे? शुभांगीबाईंनाही घेऊन या घरी. हर्षदराव नाही आले तरी चालेल."

साहेब राहायचे शिरवणे गावाच्या कडेला, एका इमारतीच्या तळमजल्यावर. दार एका गावातल्या बाईंनी उघडलं. याच सुगंधाबाई, घरकाम बघणाऱ्या. "या, बसा," त्या म्हणाल्या. "बाईंनी सकालपासून दारावं डोला लावलाय."

आत चाकांच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, पदराला पिन, वेणी नीट घातलेली. उजवा हात मांडीवर कोणीतरी ठेवून दिल्यासारखा. आम्हाला बघून त्यांचा डावा हात वर गेला, चेहरा उजळला, आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तो शब्द उच्चारला.

शुभांगीच्या हातातली पर्स पडली.

"या, बसा, म्हणते," टिपणीस म्हणाले. "या सुलभाबाई. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शुद्धलेखनात भल्याभल्यांना रडवलंय."

आम्ही बसलो. साहेबांनी जे सांगितलं ते कुठल्याही शेऱ्यासारखं, कोरडं. अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. समजतं सगळं, पण बाहेर यायला एकच शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कोणाचा श्लोक शिल्लक राहतो, कोणाचे आकडे, कोणाची शिवी.

"आमच्या वाट्याला हे आलं. जन्मात कोणाला गाढव म्हणाली नव्हती. हा शब्द तिच्याकडे माझ्यामुळेच आला. नोकरीत असताना संहिता घरी आणायचो. मला ते वाचवायचं नाही. ती म्हणायची, द्या इकडे, मी वाचते, तुम्ही नुसत्या खुणा करा." त्यांनी सुलभाबाईंकडे बघितलं. "निम्मी नोकरी तिनेच केली म्हणा ना."

सुलभाबाईंनी स्वयंपाकघराकडे बघून तो शब्द म्हटला. छोटा, तुटक.

"चहाचं विचारतेय. सुगंधाबाई, टाका हो."

मग त्यांची नजर साहेबांच्या गळ्याशी गेली. पुन्हा तोच शब्द, खालच्या पट्टीत, शेवटी जरा ओढलेला. साहेबांनी चाचपून बघितलं. बटण सुटलं होतं. त्यांनी लावलं. मी बघत होते. दर वेळी शब्द तोच, आणि दर वेळी वेगळं वाक्य. सासरच्या माणसांसमोर नवऱ्याला डोळ्यांनी सांगतात ना, तसं ती बाई त्या एका घाणेरड्या शब्दातून सगळा संसार चालवत होती.

"कोणी येतं का भेटायला?" शुभांगीने विचारलं.

"यायचे. माझ्या पुतण्याचं लग्न झालं, नवी सून पाया पडायला आली. हिने तोंडभरून आशीर्वाद दिला." साहेब किंचित हसले. "त्यानंतर फोन करतात. चौकशी करतात. लोकांचंही बरोबर आहे, घरात लहान मुलं असतात."

"सर, स्क्रिप्ट वाचून तुम्हाला..." मी विचारलं.

"राग आला. का नाही येणार? घरी आलो तो राजीनामा द्यायचं ठरवूनच. हिने पिशवीतले कागद बघितले, वाचून दाखवा अशी खूण केली. म्हटलं, ऐक, तुझी काय शोभा केलीय पोरांनी. वाचायला लागलो. टेबलाखाली लपतो तिथे आलो, तर ही हसायला लागली. अहो, अशी हसली, की सुगंधाबाई आतून पळत आल्या, म्हणाल्या बाईंना काय झालं! आजारी पडल्यापासून हसली नव्हती. मग मी ते पान परत वाचलं. परत हसली. मग कुठला राजीनामा देता?"

चहा झाल्यावर साहेबांनी संहिता काढली आणि मंदाकाकीचे प्रसंग एकेक करून वाचले. सुलभाबाईंनी प्रत्येक ठिकाणी तो शब्द आपल्या पद्धतीने म्हणून दाखवला. शुभांगी डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलवत होती. एका वाक्याला सुलभाबाई कडाडल्या. आम्ही दचकलो.

"काही नाही," टिपणीस म्हणाले. "इथे स्वल्पविराम हवा, म्हणते."

निघताना शुभांगी त्यांच्या पाया पडली. सुलभाबाईंनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो शब्द इतका लांब, इतका मऊ म्हटला, की साहेबांना भाषांतर करावं लागलं नाही. बाहेर रिक्षात बसल्यावर शुभांगी एकदम हसायला लागली आणि तिला रडू फुटलं. "माझ्या आईवरून," ती नाक पुसत म्हणाली, "इतकं प्रेमाने मला आजवर कोणी काही बोललं नव्हतं गं."

सोमवारी तिने पुन्हा रेकॉर्डिंग केलं. हर्षदला मी सगळं सांगितलं होतं. तो हेडफोन लावून बसला, पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि शिंका येतायत असं सांगून बाहेर गेला. त्या दिवशी मिरचीची गाडी आली नव्हती. परत आला तेव्हा डोळे लाल होते, आणि त्याने अख्खा भाग नव्याने लिहायला घेतला. आता नियमकाका टेबलाखाली लपत नाहीत. सोसायटीच्या सभेत मंदाकाकी तो शब्द म्हणतात, काका उभे राहून सांगतात, "काकींचं म्हणणं, टाकी धुवून घ्या." हळूहळू बाकीच्यांनाही काकींचं बोलणं कळायला लागतं. लेखक म्हणून हर्षदला पहिल्यांदाच एखाद्या माणसाकडून घेतलेलं परत करावंसं वाटलं असावं.

आता राहिले ओटीटीवाले. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मॅडम आल्या.

"टिपणीस सर, एपिसोड फार क्यूट आहे. पण तुमच्या रिपोर्टमधून हा वर्ड सुटला कसा?"

"सुटला नाही. सोडला."

"सर, तो तर तुमच्या लिस्टमध्ये टॉपला आहे ना? आपण बीप करू या. जोक तरी पण कळेल."

"बीप नाही."

"मग दुसरा वर्ड? तुम्ही तर पर्याय देता ना?"

मी टिपणीसांकडे बघितलं. ते खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, तुमच्या मालिकेतल्या बाकी सगळ्यांकडे पर्याय आहेत. हा शब्द काढला तर दुसरा बोलतील. या बाईकडे एवढाच आहे. त्याच्यावर तुम्ही बीप लावलात, तर ती मुकी झाली. आधीच सगळं गेलंय तिचं. एवढं राहू द्या."

मग मॅडम म्हणाल्या की त्यांना व्यक्तिशः हे खूप टचिंग वाटतंय, पण सिस्टीममध्ये शिवीचे सौम्य, मध्यम आणि तीव्र असे तीनच प्रकार आहेत, 'प्रेमळ' असा ऑप्शन नाहीये. त्या वर विचारणार. वरचे आणखी वर विचारणार. पुष्कळ दिवस असं वरवर चालल्यानंतर परवानगी आली, पण एका अटीवर. भाग सुरू होण्याआधी पाटी दाखवायची: 'या भागातील एका पात्राची भाषा वैद्यकीय कारणास्तव आहे.' बाकीच्या पात्रांची कशामुळे आहे, ते कोणी विचारलं नाही. पाटी शुद्धलेखन तपासायला साहेबांनी घरी नेली.

भाग शुक्रवारी आला. साहेब ऑफिसला आले नाहीत. शनिवारी सकाळी माझा फोन वाजला.

"मनालीबाई, बघितला आम्ही. सुगंधाबाईंनी त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. खोली भरली होती हो."

"आणि सुलभाबाई? काय म्हणाल्या?"

"तेच तर. सभेत सगळे त्या काकींकडे बघून माना डोलावतात ना, तिथे ही बोलली. शब्द तोच, पण सूर नवा होता. इतके दिवस झाले, मला हिचं सगळं कळतं. हे नाही कळलं. मी विचारलं, बंद करू? मान हलवली, नाही. आवाज वाढवू? नाही. पाठ दुखते? नाही. परत तेच म्हणाली. कालपासून चाललंय आमचं." त्यांचा आवाज विलक्षण उत्साही होता, एखाद्या नव्याने लग्न झालेल्या माणसासारखा. "आत्ता परत लावतोय टीव्ही. ती जागा आली की बहुतेक..."

त्यांनी फोन ठेवला नव्हता, तसाच बाजूला ठेवला असावा. मागे आमच्या मालिकेचं संगीत सुरू झालं, मग सभेचा गोंगाट, मग शुभांगीचा आवाज. आणि त्याच्या पाठोपाठ खऱ्या बाईंचा, हलका, जवळजवळ विचारल्यासारखा.

"थांब, थांब," टिपणीस साहेब म्हणत होते. "घाई नाहीये. परत म्हण."